चौघांच्या टेबलवर कुठला डेक भारी, हे नीट कसं तपासायचं

पुण्यात मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा गेम) खेळणारे चारजण जमले, मग ते कोथरूडला कुणाच्या हॉलमध्ये असोत की एफसी रोडच्या एखाद्या कॅफेत, दुसरी मॅच संपेपर्यंत हा विषय निघतोच की कुणाचा डेक (स्वतः जुळवलेला कार्डांचा गठ्ठा) जास्त भारी आहे. आणि मग ज्याला गेल्या रविवारची मॅच जास्त ठळक आठवते त्याचं म्हणणं खरं ठरतं. माझं म्हणणं असं की हे तपासता येतं, वही किंवा फोनमधलं नोट्स अ‍ॅप असलं तरी पुरतं, फक्त तुलना करायची पद्धत दोघांच्या मॅचवरून उचललेली नको, कारण चौघांच्या टेबलवर सगळी गणितं बदलतात. इथे मी कमांडर फॉरमॅट धरून लिहितोय, म्हणजे १०० कार्डांचा डेक, त्यातलं एक कार्ड कमांडर, जो बाकीच्या गठ्ठ्याबाहेर कमांड झोनमध्ये ठेवलेला असतो, बेसिक लँड (माना, म्हणजे कार्ड खेळायची किंमत, देणारी साधी कार्डं) सोडून प्रत्येक कार्ड एकदाच, ४० लाइफ (संपले की बाद), आणि सगळे एकमेकांविरुद्ध. दुसरा कुठला गेम चौघात खेळत असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी ४० लाइफचा अर्थ नीट समजून घ्या. साध्या दोघांच्या मॅचमध्ये समोरच्याचे २० लाइफ संपवायचे असतात. कमांडरमध्ये समोर तिघं आहेत, प्रत्येकी ४०, म्हणजे एकूण १२०. लाइटनिंग बोल्ट हे कार्ड एका मानात ३ डॅमेज देतं, दोघांच्या मॅचमध्ये सात बोल्ट झाले की गेम संपला, इथे तेच काम करायला प्रत्येकाला १४ असे ४२ बोल्ट लागतील. म्हणून जो डेक दोघांच्या मॅचमध्ये सगळ्यात वेगवान वाटतो तो इथे पहिल्या माणसाला अर्धवट दमवून स्वतःच रिकामा होतो. आणि याउलट जी कार्डं "प्रत्येक प्रतिस्पर्धी" असं म्हणतात ती तेवढ्याच मानात तिप्पट काम करतात, एग्झॅन्ग्विनेट या कार्डात एक्स (तुम्ही भराल तेवढा माना) १० ठेवला तर तिघांचे मिळून ३० जातात. ऱ्हिस्टिक स्टडी या कार्डाचंही तेच, तिघांपैकी कुणीही स्पेल (लँड सोडून कुठलंही कार्ड) टाकला आणि एक जास्तीचा माना भरला नाही की तुम्हाला कार्ड मिळतं, म्हणजे तुमच्या एका टर्नमागे तीन जणांच्या टर्नमधून कार्डं येत राहतात. तर तुलनेची पहिली पायरी हीच, दोन्ही डेक टेबलवर पसरा आणि समोर तिघं असल्यामुळे जी कार्डं तिप्पट होतात ती बाजूला काढून मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, पण यातच बऱ्याच डेकचा स्वभाव कळतो.

रिमूव्हलचं, म्हणजे समोरच्याचं कार्ड घालवणाऱ्या कार्डांचं, मात्र उलटं होतं. तुम्ही एक कार्ड खर्च करून समोरच्याचं एक मारलंत, तुमचं एक गेलं, त्याचं एक गेलं, आणि बाकीचे दोघं काही न करता पुढे गेले. म्हणून नुसत्या एकास एक रिमूव्हलने भरलेला डेक टेबलचा पोलीस होऊन बसतो आणि शेवटी तिसराच कुणीतरी जिंकतो. याचा अर्थ रिमूव्हल नको असा नाही, स्वोर्ड्स टू प्लॉशेअर्स एका मानात क्रीचर (हल्ला करणारं प्राणी-कार्ड) कायमचा घालवतं, ते हातात असणं म्हणजे हरणारी मॅच वाचवणं. पण दोन डेकची तुलना करताना "याच्यात रिमूव्हल जास्त म्हणून हा कंट्रोलमध्ये (समोरच्यांना रोखून धरण्यात) भारी" असं धरू नका. त्याच्यात रिमूव्हल संपल्यावर पुन्हा हात भरायची सोय आहे का ते बघा.

आता मुख्य तपासणी. डेक घरी एकटं बसून खेळा, समोर कुणी नाही असं समजून, इंग्रजीत याला गोल्डफिशिंग म्हणतात आणि आपल्याकडेही सगळे तेच म्हणतात. बहुतेक लोक एवढंच लिहून ठेवतात की डेक कितव्या टर्नला जिंकला. तुम्ही दोन आकडे लिहा: पहिला माणूस कितव्या टर्नला मेला असता, आणि तिसरा कितव्या टर्नला. या दोन आकड्यांमधलं अंतर हीच चौघांच्या टेबलवरची सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे असं मी मानतो, आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

का ते सांगतो. एकाच कमांडरवर सगळं चढवून मारणारा डेक घ्या, ज्याला व्होल्ट्रॉन म्हणतात. एकाच कमांडरने एखाद्याला २१ कॉम्बॅट डॅमेज (हल्ल्यातून होणारं) दिलं की त्याचे लाइफ कितीही असोत, तो बाद. (हा २१ आकडा जुन्या एल्डर ड्रॅगनशी जुळतो, १९९४ च्या लेजेंड्स सेटमधले ते पाच ड्रॅगन ७/७ होते, म्हणजे एका फटक्यात ७, तीन फटके म्हणजे २१, आणि फॉरमॅटचं आधीचं नावच एल्डर ड्रॅगन हायलँडर.) तर कागदावर व्होल्ट्रॉनला १२० ऐवजी फक्त ६३ डॅमेज लागतं, जवळजवळ निम्मं, म्हणजे फारच स्वस्त. पण एका टर्नला सहसा एकच माणूस मरतो. पहिला सहाव्या टर्नला मेला तर तिसरा आठव्याला, आणि मधल्या वेळात उरलेल्या दोघांना नक्की माहीत असतं की आता आपली पाळी, त्यांच्या हातात जे काही असेल ते सगळं तुमच्या कमांडरवर येणार. शिवाय पहिला मेलेला माणूस पुढचा तासभर फोन बघत बसतो, पुढच्या मॅचला तो हे विसरत नाही.

याच्या शेजारी काळा ड्रेनवाला डेक ठेवा, ज्यात आपलेच छोटे क्रीचर बळी द्यायचे आणि झुलापोर्ट कटथ्रोटसारख्या कार्डामुळे दर मरणामागे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा एक लाइफ जातो. हा गोल्डफिशमध्ये कदाचित नवव्या टर्नला जिंकेल, म्हणजे व्होल्ट्रॉनपेक्षा हळू, पण तिघंही जवळपास एकदमच संपतात, अंतर शून्य किंवा एक. टेबलला धोका कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दोघांच्या मॅचच्या हिशोबाने व्होल्ट्रॉन भारी, आणि चौघांच्या टेबलवर माझा पैसा ड्रेनवर. कॉम्बो डेकचं (ठरावीक कार्डं एकत्र आली की तिथेच गेम संपवणारा) अंतर तर सहसा शून्य, थासाज ऑरॅकल आणि डेमॉनिक कन्सल्टेशन मिळून तीन मानात तिघांनाही एकाच वेळी हरवतात, म्हणून तसा डेक टेबलवर असेल तर बाकीच्या तिघांची तुलना वेगळ्याच पट्टीने करावी लागते, की कुणाकडे त्या क्षणी उत्तर आहे.

गोल्डफिश एकदा करून उपयोग नाही, दर डेकला निदान दहाएक वेळा करा, आणि मल्टिप्लेअरचे नियम पाळून करा: पहिला मलिगन (सुरुवातीचा हात परत टाकून नवा घेणं) फुकट असतो, आणि पहिल्या खेळाडूलाही पहिल्या टर्नला कार्ड ओढता येतं, हे दोन्ही दोघांच्या मॅचपेक्षा वेगळं आहे आणि हळू डेकला याचा फायदा होतो. थोडं गणितही सोबत ठेवा. कमांडर सोडून उरलेल्या ९९ कार्डांच्या लायब्ररीतून, म्हणजे ओढायच्या गठ्ठ्यातून, आठव्या टर्नपर्यंत, जादा ड्रॉ नसेल तर, तुम्ही १५ कार्डं बघता, म्हणजे डेकमधलं एखादं ठरावीक कार्ड दिसायची शक्यता जेमतेम १५ टक्के. म्हणून "माझ्यात सायक्लोनिक रिफ्ट आहे, तुझ्यात नाही" या वाक्याने तुलना होत नाही, ते कार्ड सहा-सात मॅचमधून एकदा दिसणार. एकाच कामाची किती कार्डं आहेत ते मोजा. रॅम्पची, म्हणजे माना लवकर वाढवणारी, १० कार्डं असतील तर दुसऱ्या टर्नपर्यंत त्यातलं निदान एक दिसायची शक्यता साधारण ६३ टक्के येते, आणि हे डेकबद्दल खरंच काहीतरी सांगतं. खात्रीने मिळणारं कार्ड एकच, कमांडर, आणि तोही मेल्यावर कमांड झोनमधून परत काढताना दर वेळी दोन माना जास्त मागतो.

यानंतर गोल्डफिशमध्येच मोडतोड करा. पाचव्या टर्नच्या शेवटी समजा कुणीतरी राथ ऑफ गॉड टाकलं, सगळे क्रीचर गेले, आता पुढे खेळा आणि बघा किती टर्न उशीर झाला. इथे डेकचे खरे रंग दिसतात. टोकनवाला (एकेका कार्डातून छोट्या क्रीचरची फौज काढणारा) हिरवा डेक, ज्याने पाचव्या टर्नपर्यंत दहा-बारा क्रीचर उभे केलेत, तो सपाट होतो आणि हात रिकामा असेल तर तीन-चार टर्न सावरत नाही. व्होल्ट्रॉनमध्ये फरक पडतो तो कशाने ताकद वाढवलीय त्यावर, इक्विपमेंट (क्रीचरला लावायची हत्यारं) असेल तर ती टेबलवरच राहते आणि परत आलेल्या कमांडरला लावता येते, ऑरा (क्रीचरला चिकटणारे मंत्र) असतील तर बऱ्याचशा ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, जातात आणि सगळं पहिल्यापासून. ड्रेनवाल्याचं गमतीशीर आहे, टेबलवर झुलापोर्ट कटथ्रोट आणि त्याचे आणखी दहा क्रीचर असताना दुसऱ्या कुणी राथ टाकलं तर कटथ्रोट स्वतः धरून ११ मरणं मोजली जातात आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे ११ लाइफ जातात, म्हणजे वाइप (राथसारखं टेबल साफ करणारं कार्ड) टाकणाऱ्यालाच विचार करावा लागतो. उशिराचा हा आकडा अंतराच्या आकड्याशेजारी लिहा.

दोन डेकमध्ये समोरासमोर कोण जिंकेल हा प्रश्न मी जवळजवळ सोडूनच दिलाय, कारण तिसरा आणि चौथा डेक कुठला यावर उत्तर उलटं होतं. घोस्टली प्रिझन बघा, तीन मानाचं एन्चँटमेंट (टेबलवर राहून परिणाम करणारं कार्ड), तुमच्यावर हल्ला करायचा तर दर क्रीचरमागे दोन माना भरा. टोकनवाला १५ क्रीचर घेऊन आला तर ३० माना लागतील, म्हणजे तो तुमच्याकडे येणारच नाही, दुसऱ्याकडे जाईल. व्होल्ट्रॉनवाला दोन माना भरून आत येईल. ड्रेनवाला हल्लाच करत नाही, त्याला काहीच फरक नाही. एकच कार्ड, तिघांवर तीन परिणाम, आणि शिवाय ज्या चौथ्याकडे प्रिझन नाही त्याच्यावर सगळे टोकन जाणार. बदाम सात खेळताना एकाने सत्ता दाबून ठेवला की त्याचा त्रास कुणाला किती होणार हे बाकीच्यांच्या हातातल्या पानांवर ठरतं, तसंच हे. म्हणून कुठल्याही डेकबद्दल लिहिताना सोबतचे तीन डेक कुठले होते ते लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण धरू नका. टेबलवर दोन कंट्रोल डेक असले की वाइप दुप्पट होतात आणि टोकनवाला बिचारा दिसतो, कंट्रोल एकही नसला की तोच डेक ओपी (अति भारी) वाटतो. तीन डेक तेच ठेवून चौथा बदलून बघा, यातून जे कळतं ते तासभर वाद घालून कळत नाही.

आता प्रत्यक्ष टेबलवर तपासायचं कसं. चौघं असाल तर चार मॅचचा एक फेरा धरा आणि दर मॅचनंतर डेक डावीकडच्या माणसाला द्या, म्हणजे फेऱ्यात प्रत्येकजण प्रत्येक डेक एकदा खेळतो. सुरुवात कोण करणार ते मात्र डेकवरून ठरवा, पहिल्या मॅचला टोकन डेक पहिला, दुसऱ्याला व्होल्ट्रॉन, असं, जेणेकरून प्रत्येक डेकला पहिली टर्न एकदाच मिळेल. डेक दुसऱ्याच्या हातात द्यायला लोक कुरकुर करतात, कार्डांची काळजी असते, महागडी कार्डं असतात, ते मला कळतं, डबल स्लीव्ह करा (कार्डाला दोन प्लास्टिक पाकिटं घाला), किंवा महागड्या कार्डांच्या जागी प्रिंट घालून खेळा, पण अदलाबदल केल्याशिवाय डेक भारी की खेळणारा भारी हे कधीच वेगळं करता येत नाही. आमच्या ग्रुपमध्ये एका कंट्रोल डेकचा फार दबदबा होता, डेक फिरवल्यावर लक्षात आलं की त्याचा मालक कुठल्या क्षणी गप्प बसायचं हे फार छान ओळखतो, बाकीच्यांच्या हातात तोच डेक मधल्या पातळीचा निघाला. एक मॅच दीड-दोन तास सहज खाते, रविवारच्या दुपारी तीनच होतात, तर फेरा दोन रविवारी करा, घाई नको.

बसण्याचा क्रमही लिहून ठेवा. बोर्ड वाइप टाकणाऱ्याच्या लगेच नंतर ज्याची टर्न असते त्याला रिकाम्या टेबलवर सगळ्यात आधी पुन्हा मांडायला मिळतं, हा फायदा डेकचा नाही, खुर्चीचा आहे. वेगवान डेक वाइपवाल्याच्या डावीकडे बसला की दिसतो त्यापेक्षा चांगला खेळतो, आणि हे नोंदीत नसेल तर तुम्ही चुकीच्या डेकला श्रेय द्याल.

जिंकणं-हरणं मोजताना सांभाळून. चार समान डेक असतील तर प्रत्येकाने चारातली एक जिंकायची, म्हणजे २५ टक्के हेच बरोबरीचं प्रमाण. बारा मॅचमध्ये तीन जिंकणारा डेक एकदम सरासरी. पण अशा सरासरी डेकनेसुद्धा नुसत्या नशिबावर बारापैकी पाच किंवा जास्त जिंकायची शक्यता जवळपास १६ टक्के आहे, तर "बारातल्या पाच जिंकल्या, आता हा डेक आमच्या टेबलवर नको" असं म्हणायला हा पुरावा फार तोकडा आहे. म्हणून विजयासोबत बाकीचं लिहा: कोण कुठल्या क्रमाने बाद झालं, कुठल्या टर्नला टेबलने पहिल्यांदा त्या डेककडे धोका म्हणून बघितलं, एकूण किती रिमूव्हल त्याच्यावर खर्च झाली, आणि मॅच संपल्यावर हातात काय उरलं होतं. हे शेवटचं फार कामाचं. मॅच संपली की सगळ्यांनी हात उघडे करा, "पुढच्या टर्नला मी जिंकलो असतो" हे सगळेच म्हणतात, कार्डं उघडी पडली की खरंच एक टर्न लांब कोण होतं ते दिसतं, आणि अशी नोंद मला विजयाच्या अर्धी तरी मोलाची वाटते.

धोका किती लवकर दिसतो, हाही तुलनेचा भाग आहे. पहिल्या टर्नला सोल रिंग (जास्तीचा माना देणारं कार्ड) पडली की तिघंही मान वर करून बघतात. काही कमांडर नुसते समोर ठेवले तरी लोक सावध होतात. दोन डेक बाकी सगळ्यात सारखे असले तर ज्याच्यावर कमी रिमूव्हल खर्च झाली तो चौघांच्या टेबलवर वरचढ, कारण दुसऱ्यांची उत्तरं भलत्याच डेकवर संपवणं हेही डेकचंच काम आहे.

आणि तुलना करण्याआधी चारही डेक एका पातळीचे आहेत ना ते बघा, नाहीतर सगळी मेहनत वाया. मॅजिक बनवणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ब्रॅकेटची पद्धत बीटा म्हणून आणली, एग्झिबिशन, कोअर, अपग्रेडेड, ऑप्टिमाइझ्ड आणि सीईडीएच (स्पर्धात्मक कमांडर), आणि सोबत गेम चेंजर, म्हणजे गेम फिरवणाऱ्या भारी, कार्डांची यादी. पहिल्या दोन ब्रॅकेटमध्ये त्या यादीतलं एकही कार्ड नको, तिसऱ्यात जास्तीत जास्त तीन. ऱ्हिस्टिक स्टडी आणि सायक्लोनिक रिफ्ट यादीत आहेत, सोल रिंग नाही. पण ब्रॅकेटच्या आकड्यावर थांबू नका, दोन तिसऱ्या ब्रॅकेटचे डेक एकमेकांपासून फार लांब असू शकतात, तुमचे गोल्डफिशचे आकडे शेजारी ठेवून चौघांनी मिळून ठरवा.

नोंदी झाल्यावर डेक बदलायचा तर एका वेळी पाचच्या वर कार्डं बदलू नका, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. नवीन कार्ड विकत घेण्याआधी कागदावर नाव, माना आणि काम लिहून, किंवा अप्पा बळवंत चौकातून प्रिंट काढून, स्लीव्हमध्ये जुन्या लँडपुढे सरकवा आणि तेच तीन डेक समोर घेऊन खेळा. टोकन डेक वाइपला हरतोय तर आणखी टोकन घालून काही होत नाही, संरक्षण घाला, पण कुठल्या वाइपला हरतोय ते नोंदीत बघून घाला. हिरोइक इंटरव्हेन्शन दोन मानात राथपासून वाचवतं, कारण सगळं इंडिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणारं) होतं, पण समोरचा सात मानाची सायक्लोनिक रिफ्ट टाकत असेल तर ते उपयोगाचं नाही, रिफ्ट काही मारत नाही, हातात परत पाठवते, आणि ओव्हरलोड केल्यावर (जास्त माना भरून एकदम सगळ्यांवर चालवल्यावर) टार्गेटही करत नाही म्हणून इंटरव्हेन्शनचं हेक्सप्रूफही (टार्गेट होण्यापासूनचं संरक्षण) निकामी. डेकमध्ये पांढरा रंग असेल तर तिथे टेफेरीज प्रोटेक्शन लागेल, तीन मानाचं, तुमचं सगळंच तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत फेज आउट (तात्पुरतं नाहीसं) होतं आणि रिफ्टला उचलायला काही सापडत नाही.